बारा कव्हरं आणि तीन कॉम्प्रेसर

जे यंत्र घरातली उष्णता उचलून बाहेर फेकण्यासाठी बनवलेलं असतं, त्याला मी गोधडी शिवून घातली. एकदा नाही, बारा वेळा. एक आमच्या स्वतःच्या एसीला आणि अकरा शेजारणींच्या एसींना, संक्रांतीचं वाण म्हणून. वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली नाडीही लावली, चांगली घट्ट.

हे करणारी बाई तेव्हा जेमतेम साठीची होती. मी आता बहात्तरची आहे, तेव्हा तिच्याकडे पोर म्हणून बघायची मला मुभा आहे. सरकारी कचेरीत तीसेक वर्षं लोकांचे तक्रारअर्ज वाचून, नोंदवून, पुढे पाठवून ती नुकतीच निवृत्त झाली होती. आपल्याला माणसं कळतात, कारणं कळतात, आणि शिवण तर कळतंच कळतं, असं तिचं ठाम मत होतं. अशा माणसाच्या हातात मोकळा वेळ आणि शिलाई मशीन एकाच महिन्यात देऊ नये.

आमच्या घरात उघडी वस्तू ठेवायची रीत नव्हती. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीला रबर. शिलाई मशीनचं कव्हर त्याच मशीनवर शिवलेलं. ह्यांनी एकदा सोफ्यावर बसल्या बसल्या विचारलं होतं, की मी फार वेळ हललो नाही तर माझंही माप घेशील का. मी म्हटलं, तुमच्यासाठी कापड जास्त लागेल.

शनिवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. तिथे उकडलं की गच्चीत जायचं, विषय संपला. मग मुलानं हडपसरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आम्हाला तिथे आणून ठेवलं आणि स्वतः नोकरीसाठी परगावी गेला. झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेची. एप्रिलात संध्याकाळी पाच वाजता त्या भिंतीला हात लावला, तर तिच्यावर पापड भाजता येतील की काय असं वाटायचं. म्हणून एसी आला. पहिले आठ दिवस मी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसत असे. गार वारा येतो कुठून, हे मला कळेना. बसवायला आलेल्या माणसांना विचारलं, तर ते म्हणाले, मॅडम, गॅस असतो आत. स्वयंपाकघरातही गॅसच असतो. त्यानं माझ्या माहितीत कधी काही गार झालेलं नव्हतं.

मला उत्तर दिलं ते सोसायटीच्या मेकॅनिकनं. आमच्या इमारतीतल्या बाराही एसींचं वर्षभराचं काम त्याच्याकडे होतं. तिशीचा असेल. त्याच्या वडिलांचं हडपसरच्या बाजारापलीकडे फ्रिज-एसी दुरुस्तीचं जुनं दुकान. त्यांनीच त्याला हे काम शिकवलं होतं आणि दुकानाच्या पाटीवर अजून त्यांचंच नाव होतं. मेकॅनिक बोलताना हातातलं काम थांबवत नसे, आणि काम करताना बोलणं थांबवत नसे. तो म्हणाला, "काकू, एसी थंडी बनवत नाही. आतली गरमी उचलून बाहेर नेऊन टाकतो. बाहेरच्या डब्यात कॉम्प्रेसर आहे ना, तो हमाल."

मला हे इतकं आवडलं, की मी ते वहीत लिहून ठेवलं आणि खाली रेघ मारली. वही आजही माझ्याकडे आहे. रेघ सरळ आहे. आणि ती रेघ मारणाऱ्या बाईनंच सात-आठ महिन्यांनी त्या हमालाला घोंगडं पांघरलं.

घडलं ते असं. थंडीच्या दिवसांत शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीचं काम सुरू झालं. ड्राय बाल्कनीच्या कठड्याबाहेर आमच्या एसीचा बाहेरचा डबा लोखंडी चौकटीवर बसवलेला होता. त्याच्यावर सिमेंटची धूळ, धुळीवर कबुतरं, आणि कबुतरांनी केलेलं सगळं. घरातल्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर काही ना काही होतं आणि हाच एक बिचारा उघडा. मला बघवेना. मी टेप घेतली. बाहेरून जुन्या पडद्याचं जाड कापड, मध्ये फोमचा पातळ थर, आतून टेबलावर घालतात तसलं प्लास्टिक, कडेनं पायपिंग, खाली नाडी. बाळाला टोपरं घालावं तसं वरून घातलं आणि खाली नाडी ओढून गाठ मारली. इतकं बरोबर बसलं की मी ह्यांना हाक मारून दाखवलं. हे म्हणाले, छान आहे, पण त्याला दिसणार कसं.

संक्रांत जवळ आली होती. वाण काय लुटायचं, हा बायकांपुढचा वार्षिक प्रश्न. त्याआधीच्या वर्षी मला सात घरांतून सात प्लास्टिकचे डबे आले होते आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नव्हतं. माझं वाण वेगळं असणार होतं. मी अकरा घरांत जाऊन मापं घेतली. पंधरा दिवस मशीन चालवलं. हळदीकुंकवाच्या दिवशी तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातात एकेक कव्हर ठेवलं, तेव्हा जो आवाज उठला तो मला आजही आठवतो. आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींनी तर कव्हर उलटं-सुलटं करून शिलाई पाहिली. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे ती त्यांच्या सासरची. त्यांचे यजमान सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी एकदा बरं म्हटलं की इमारतीत ते बरं ठरायचं. वहिनी म्हणाल्या, असं वाण आमच्या गावात आजवर कुणी दिलं न्हाय. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला मेकॅनिक सर्व्हिसिंगला आला. त्यानं कव्हर काढलं, बाहेरच्या डब्याची मागची जाळी पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली, आतला फिल्टर साफ केला, गॅसचा दाब पाहिला, थोडा कमी होता तो भरला. जाताना कव्हर नीट घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, काकू, आता हे लागणार नाही.

हे वाक्य मला झोंबलं. प्रश्न विचारणं हा माझा जन्माचा छंद. दूधवाल्याला मी म्हशीचं वय विचारलेलं आहे. पण त्या दिवशी "का लागणार नाही" एवढे तीन शब्द तोंडातून बाहेर पडले नाहीत. मला वाटलं, त्याला शिवणातलं काय कळतंय. तो जिना उतरायच्या आत मी ड्राय बाल्कनीत गेले आणि कव्हर परत चढवलं. मग वाटलं, बाकीच्यांचीही ह्यानं काढून ठेवली असणार. म्हणून सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर सूचना टाकली, की सर्व्हिसिंगवाला कव्हरं काढून ठेवतो आहे, ज्यांनी त्यांनी आठवणीनं परत घालावीत. बऱ्याच जणींनी नमस्काराची चित्रं पाठवली. मी खूश.

एप्रिल उजाडला. दुपारी एसी लावला की दहा मिनिटं गार वारा येई, मग नुसताच वारा, मग बाहेरच्या डब्याची घरघर बंद. थोड्या वेळानं पुन्हा घरघर, पुन्हा बंद. आम्ही काय करायचो, तर रिमोटनं बंद करून लगेच चालू करायचो, जणू त्याला हलवून जागं करतोय. मी वहीत वेळा टिपायला लागले. बारा पंचवीस चालू, बारा चौतीस बंद, बारा बावन्न चालू. हे सगळं खोलीच्या आत स्टुलावर बसून. ड्राय बाल्कनी दहा पावलांवर होती. तिथे जाऊन डब्याला हात लावावा, असं त्या संशोधक बाईच्या मनात आलं नाही.

एका दुपारी मीटरच्या पेटीतला स्विच खट्कन खाली पडला. वर केला, पुन्हा पडला. त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या वहिनींचा एसी गेला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या जोडप्याचा.

तीन एसी, एक इमारत, एक मेकॅनिक. कचेरीत अशी फाईल आली असती तर मी दुपारच्या चहाआधी शेरा मारून मोकळी झाले असते. तशी झालेच.

तो तपासायला येणार म्हणून फोन आला. पाहुणा येणार म्हणजे घर आवरायचं. कव्हरावर बोटभर धूळ होती, ते त्याला तसं दिसायला नको म्हणून मी काढलं आणि धुवायला टाकलं. वहिनींना आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीलाही कळवलं, की माणूस येतोय, कव्हरं धुऊन घ्या. म्हणजे तीन ठिकाणचा पुरावा मी साबण लावून दोरीवर वाळत घातला.

त्यानं डबा उघडला. कॉम्प्रेसर म्हणजे काळा, बुटका, मडक्याएवढा लोखंडी गोळा, सगळीकडून बंद. वर तीन टोकं. मीटरच्या दोन सुया त्यानं त्या टोकांना आलटून पालटून लावल्या आणि म्हणाला, आतलं वाइंडिंग जळलं, काकू. वाइंडिंग म्हणजे मोटारीची तांब्याची तार. मग त्यानं डबा चारी बाजूंनी तपासला. जाळी स्वच्छ, पंखा हातानं गरगर फिरतोय. हवा अडेल असं इथे काही ठेवलं होतं का, असं त्यानं विचारलं. मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं. मनापासून म्हटलं. कव्हर म्हणजे काही ठेवणं नव्हे. अंगावरच्या साडीला कोणी सामान म्हणतं का?

तिन्ही घरांत त्याला तेच उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहिला. सोसायटीचं काम त्याच्याकडून काढून दुसऱ्याला द्यावं, अशी शेवटी विनंती. मार्चमध्ये गॅस भरताना हलगर्जीपणा झाला असावा, असा वर निष्कर्ष. "असावा" हा शब्द मी कचेरीत शिकले. त्याच्या आडून कोणालाही काहीही म्हणता येतं. अध्यक्षांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा ठेवली.

तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही, म्हणून दुकानात फोन केला. फोन वडिलांनी उचलला. मी त्यांना सांगितलं, की तुमच्या मुलानं गॅस कसा भरला कोण जाणे, आमच्याकडची तीन मशिनं जळाली, चाळीस वर्षांचं दुकान आहे तुमचं, जरा लक्ष द्या. मग ते म्हणाले, विचारतो त्याला.

आता इथे माझी उत्सुकता आडवी आली, आणि त्या बाईच्या बाजूनं बोलण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे. अर्ज दिला होता, काम फत्ते होणार होतं, पण मडक्याच्या आत काय जळलं ते मला बघायचं होतं. मेकॅनिकनं जुना कॉम्प्रेसर काढून दुकानात नेला होता. शुक्रवारी सकाळी रिक्षा करून मी तिथे गेले. मला वाटलं तो टाळेल. तो म्हणाला, बरं झालं आलात, मलाही बघायचंय.

त्याचे वडील गल्ल्यामागे बसले होते. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा, समोर एका पंख्याची मोटार उघडलेली. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं.

त्यानं आधी कॉम्प्रेसर कलंडून आतलं तेल स्टीलच्या वाडग्यात ओतलं. हे तेल पाण्यासारखं नितळ असतं म्हणे. वाडग्यात आलं ते चार वेळा भजी तळून उरलेल्या तेलासारखं काळं, आणि वास असा आंबट-जळका की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ग्राइंडर लावून त्यानं मडकं कडेकडेनं कापलं. ठिणग्या उडत होत्या आणि मी पदर सावरून जितकं जवळ जाता येईल तितकं जात होते. झाकण निघालं. आत तांब्याच्या तारेचं गच्च वेटोळं, सबंध कोळशासारखं.

मी विचारत गेले आणि तो सांगत गेला, की कॉम्प्रेसर मरायच्या तऱ्हा असतात. वीज कमी दाबानं आली तर मोटार कण्हत राहते आणि तापते. एखाद्या पाइपला सुईएवढं भोक पडून गॅस गळाला, तर तो रिकामाच पळत राहतो, कारण त्याला गार ठेवायलाही परत येणारा तोच गॅस लागतो. सुरू करताना धक्का देणारा कपॅसिटर गेला तर मोटार जागीच अडून बसते. बंद करून लगेच चालू केला, तर आत दाब असतानाच त्याला उठावं लागतं. (ह्या वाक्याला मी नजर चुकवली.) जाळीत कचरा भरला तर गरमी बाहेर टाकता येत नाही आणि दाब वाढत जातो, कुकरच्या शिट्टीवर वजन ठेवल्यासारखा. दर वेळी तो स्वतःला वाचवायला बंद पडतो, गार झाला की पुन्हा उठतो. असं किती दिवस चालणार. तेल जळतं, मग तार.

गल्ल्यामागून वडील म्हणाले, "गॅस वजन करून भरला होतास की अंदाजानं?"

"वजन करून, अब्बा."

विचारणाऱ्याचा आवाज चढा नव्हता आणि उत्तर देणाऱ्याचाही नव्हता. पण हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारलेला नाही, एवढं मला कळलं. थोड्या वेळानं कोणा गिऱ्हाइकाचा गॅस भरायला या म्हणून फोन आला. मेकॅनिकनं वडिलांच्या मागे खिळ्याला टांगलेल्या, गॅसचा दाब मोजायच्या नळ्यांच्या गेजकडे हात नेला. वडील म्हणाले, थांब, मी बरोबर येतो. तो थांबला. तिशीतला, लग्न झालेला माणूस, शाळेत पोचवायला कोणी येणार असल्यासारखा दारात उभा राहिला. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा वाटलं, बरं झालं, म्हातारा लक्ष घालतोय.

निघताना त्यानं कापलेलं मडकं मला पुन्हा दाखवलं. तो म्हणाला, शॉर्ट झालं असतं तर एका जागी जळलं असतं, हे सगळीकडून सारखं जळलंय. म्हणजे गरमी. पण जाळी मी स्वतः धुतली होती, मग ह्याची गरमी कोणी अडवली? तो मला विचारत नव्हता, त्या कोळशाला विचारत होता.

घरी आले. दोरीवरचं कव्हर वाळलं होतं, इस्त्रीला घ्यावं म्हणून उलटं केलं. आतल्या प्लास्टिकवर, एका बाजूला, बारीक उभ्या रेषा उमटल्या होत्या. शेकडो. कंगवा तापवून दाबावा तशा. मी बोट फिरवलं, धुऊनही त्या गेल्या नव्हत्या. प्लास्टिक तिथे आखडून कडक झालं होतं.

मी ते तसंच घेऊन ड्राय बाल्कनीत गेले. कठड्यावरून हात घालून डब्याच्या मागच्या जाळीला लावलं. जाळीची पत्र्याची पाती इतकी जवळजवळ असतात की नखही जात नाही. रेष पात्यावर बसली. पुढची पुढच्या पात्यावर. डबा मागून हवा ओढतो. त्यानं माझं प्लास्टिक ओढून स्वतःच्या नाकातोंडावर घेतलं होतं, आणि पुढून पंखा गरम हवा फेकायचा ती माझ्या फोमवर आपटून आतल्या आतच फिरत होती. खाली नाडी होतीच.

मी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर कव्हर हातात दिलं. सगळं सांगितलं. ह्यांनी एक रेष नखानं खरवडून पाहिली. मग म्हणाले, "अर्ज तूच लिहिलास. आता खुलासाही तूच कर."

पण माझ्यातली कारकून अजून जिवंत होती. एका पुराव्यावर मान खाली घालायची तिची तयारी नव्हती. नाडी बदलायची आहे, अशी थाप मारून मी वहिनींचं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं कव्हर मागून आणलं. दोन्हींवर कंगवा.

उरलेल्या नऊ घरांत शनिवारी फिरले. दोघींनी अजून एसी लावलाच नव्हता. त्यांची कव्हरं मी उभ्या उभ्या उतरवली. बाकीची बघून मात्र मी थक्क झाले. माझ्या वाणाखाली एकीकडे कांदे-बटाटे होते. एकीकडे ते वॉशिंग मशीनवर होतं, एकीकडे लेकाच्या मोटारसायकलच्या टाकीवर. एकीनं फोम काढून उशी केली होती. एकीनं लाजत सांगितलं, की तिनं ते नणंदेला वाण म्हणून पुढे दिलं. ग्रुपवर नमस्काराची चित्रं पाठवणाऱ्या ह्याच. आदल्या आठवड्यात हे कळलं असतं तर मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नसते. आता मला एकेकीच्या पाया पडावंसं वाटत होतं. माझ्या कलेची ज्यांनी कदर केली, त्या तिघींचीच मशिनं जळाली होती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. मेकॅनिकला बोलावलं होतं, तो एका खांबाला टेकून उभा होता, बसला नाही. अध्यक्षांनी माझा अर्ज वाचायला घेतला. माझी मराठी किती स्वच्छ आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नकोसं झालं. "हलगर्जीपणा झाला असावा" ह्या वाक्यापाशी ते आले तेव्हा मी उठून उभी राहिले.

आदल्या रात्री मी एक सोयीचं भाषण पाठ केलं होतं. त्यात धूळ होती, कबुतरं होती, यंत्रांच्या गुंतागुंतीबद्दल दोन वाक्यं होती आणि "आपण सर्वांनी" असं एक सर्वसमावेशक सर्वनाम होतं. उभी राहिले आणि त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. पिशवीतून तीन कव्हरं काढली, उलटी करून टेबलावर टाकली आणि म्हटलं, "ही तीन मशिनं मी जाळली. ह्या माणसानं कव्हरं काढून ठेवली होती, मी ती परत घालायला लावली."

पुढचं सांगायला दोन मिनिटं लागली. रेषा सगळ्यांनी हात लावून पाहिल्या. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी आपलं कव्हर उचललं, नाडी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, म्हंजी काकू, तुमी लई मायेनं गळा दाबला त्याचा. सगळे हसले, मीही हसले. त्या दोघींची मशिनं आम्ही दुरुस्त करून दिली. काम मेकॅनिककडेच राहिलं. अध्यक्षांनी अर्जाच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि सभा नाश्त्याच्या वेळेत संपवली.

मला वाटलं, संपलं. जिन्यापाशी मेकॅनिकला गाठून मी माफी मागितली. तो म्हणाला, असू दे काकू, कळलं तरी, नाहीतर मी आयुष्यभर शोधत बसलो असतो. कव्हरं मी स्वतः काढून ठेवली होती, त्यामुळे ती परत चढली असतील असं डोक्यात आलं नाही. का काढली ते तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. मग तो हत्यारांची पिशवी उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिला. काम राहिलं ते चांगलंच झालं, म्हणाला. पण फोन तुम्ही अब्बांना केला होता. मी घरी जाऊन सांगेन की मी निर्दोष सुटलो, तर ते हो म्हणतील. पण गेज खिळ्यालाच राहील, माझ्या एकट्याच्या हातात येणार नाही.

हे म्हणाले, जेवण झाल्यावर जा. मी म्हटलं, जेवण जाणार नाही.

दुकान रविवारी अर्धं उघडं असतं. वडील एकटेच होते, तोच पंखा घेऊन बसलेले. मी स्टुलावर बसले, कव्हर उलटं करून त्यांच्यासमोर ठेवलं आणि सकाळी पार्किंगमध्ये बोलले होते ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. फोनवर मी काय बोलले होते आणि त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं, हेही सांगितलं. त्यांनी रेषांवरून अंगठा फिरवला. चष्मा काढून कव्हर डोळ्यांजवळ नेलं, पायपिंगही पाहिलं. त्यांच्या रागाला तोंड द्यायची माझी तयारी होती. चार शब्द ऐकून घ्यायचे असं ठरवूनच गेले होते. ते उठले, खिळ्यावरून गेज काढलं, त्याच्या नळ्यांचा गुंता हळूहळू सोडवला, पुसलं आणि गल्ल्यावर मुलाच्या खुर्चीच्या बाजूला ठेवलं. मग खाली बसून म्हणाले:

"ताई, चाळीस वर्षांत मी मशीन उघडून बघितल्याशिवाय कधी बोललो नाही. पोराच्या बाबतीत तेवढं केलं नाही. तुम्ही सकाळी एवढ्या लोकांत उभं राहून सुरुवात कशी केलीत, पहिलं वाक्य काय बोललात, तेवढं मला पुन्हा एकदा सांगा. तो येईलच आता."